सोन्याच्या इंजेक्शनचे मंगळवार

फुला,

तू गेल्याचं मला तुझ्या सुजाताकडून कळलं. ती दवाखान्यात आली होती. माझं घर तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, माझं आडनावही तिला ठाऊक नव्हतं. पण मंगळवारी सकाळी इंजेक्शनच्या खोलीबाहेर मी असणार, एवढं तू तिला कधीतरी सांगितलेलं होतंस. मी नेहमीसारखी शेजारी पिशवी ठेवून तुझी जागा धरून बसले होते. एस.टी. सावनेरला अडकली असेल, असं मनाशी म्हणत होते. तेवढ्यात एक मुलगी समोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही मालतीबाई ना?"

"हो."

"मी खाप्याची. पंचफुलाबाईची मुलगी." एवढं बोलून ती थांबली. "आई गेली, बाई. शुक्रवारी. छातीत कफ झाला होता, ताप उतरतच नव्हता. सावनेरले नेऊन राहिलो होतो, तर रस्त्यातच..."

मी पिशवी उचलली. ती बसली. आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. आतून सिस्टरनं माझं नाव पुकारलं आणि मी, फुला, उठून आत गेले आणि इंजेक्शन घेऊन आले. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही. बाहेर आले तेव्हा सुजाता जायला निघालेली होती. तिला परतीची गाडी धरायची होती. पायऱ्या उतरताना तिनं वळून एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, तू कुणासाठी दर आठवड्याला एवढ्या लांब येत होतीस ते ती बघून घेते आहे.

तुझ्या शाळेत शोकसभा झाली असेल. खाप्यातल्या अर्ध्या गावाला तू बाराखडी शिकवलीस, तेव्हा बोलायला माणसं उठली असतील. त्या पंचफुलाबाई मी कधी पाहिल्या नाहीत. मला माहीत असलेली फुला आठवड्यातून एकदा पहिल्या गाडीनं यायची आणि ऊन कलायच्या आत परत जायची. तिच्याशीच मी बोलते आहे.

तू पहिल्यांदा मला हाक मारलीस तेव्हा मी त्या बाकाजवळच भिंतीला टेकून उभी होते. मे महिना होता. नागपूरच्या उन्हात माणसं बिनबाह्यांच्या कपड्यांतही कावलेली असतात, आणि माझ्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं, बंद गळ्याचं ब्लाऊज होतं. विशीच्या आतच माझ्या कोपरांवर पहिले चट्टे उठले होते. मग गुडघे, मग पाठ, मग डोक्याच्या केसांत. ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाच्या आईनं माझ्या आईच्या तोंडावर महारोग हा शब्द उच्चारला. तो महारोग नव्हता. सोरायसिस होता, एकाचा दुसऱ्याला होत नाही. डॉक्टर सांगायचे, मी सांगायची, पण ऐकणाऱ्याची नजर माझ्या हातावरच असायची. बसून उठले की जागेवर पांढरा कोंडा पडायचा. ऑफिसात मी टायपिस्ट होते. माझी खुर्ची मी स्वतःच रुमालानं झटकून घरी जायची. आणि मग तिशी ओलांडल्यावर बोटांचे सांधे सुजायला लागले. त्याच आजाराचा हा दुसरा हात, असं डॉक्टर म्हणाले.

तू बाकावर थापटलंस. "बस ना वं. उभी काहून?"

"असू द्या. मला कातडीचा आजार आहे."

"मले हाडाचा आहे. बस."

मी टेकले, आणि पलीकडची बाई पदर आवरून उठून गेली. मला सवय होती, मी मान खाली घातली. तू मात्र हसलीस. "सरकली का? आमच्यापासून तर लोकं सात पिढ्या सरकले. बरं झालं, जागा झाली. पसरून बस."

आमच्या घरची माणसं त्या सरकणाऱ्यांतलीच होती. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा आडनावावरून तुला ते समजलं असणार. पण मी आतून बाहेर आले तर माझी जागा तू तशीच धरून ठेवलेली होतीस.

त्या वर्षी आपल्या दोघींचं एकाच महिन्यात सांध्यांसाठी सोन्याचं इंजेक्शन सुरू झालं. आजच्या पोरींना सांगितलं तर खोटं वाटेल. खरोखरचं सोनं, औषधात विरघळवलेलं, काळ्या कागदात गुंडाळलेल्या लहानशा काचेच्या कुपीत. उजेड लागू द्यायचा नाही म्हणून सिस्टर ती अगदी शेवटच्या क्षणी उघडायची. दर मंगळवारी कमरेखाली खोल सुई. त्याच्या आधी घरून बाटलीत आणलेली लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून बघायचे. गढूळ झाली की त्या दिवशी सुई नाही. मग डॉक्टरांचे ठरलेले प्रश्न. अंगाला खाज? तोंडात फोड? हिरड्यांतून रक्त? तिन्हींना नाही म्हटलं की पडद्यामागे जायचं.

"नवऱ्यानं डोरलं करून देतो म्हणून पंधरा वर्षं झुलवलं," तू पहिल्या सुईनंतर पडद्यामागून बाहेर येत म्हणालीस, "अन् सरकारनं पाह्य कसं फुकट सोनं दिलं. फक्त दाखवता येत नाही कोणाले."

बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. मी हसले, आणि हसताना दचकले, कारण माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

पण ते सोनं महिनोन् महिने काही करेना. धीर धरा, पाच-सहा महिने लागतात, असं डॉक्टर सांगायचे. तोवर तोंडाला लोखंडाची चव, सुईच्या जागी गाठ, आणि सकाळी तेच ताठरलेलं शरीर. मी दोनदा सोडायला निघाले. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "पुढच्या मंगळवारी सोड. या मंगळवारी मी आली आहे."

गुण तुला आधी आला. तू जिना चढून आलीस ती थेट माझ्यासमोर मूठ धरून. "पाह्य."

मूठ पूर्ण मिटलेली होती. बोटं तळव्याला टेकलेली होती.

"आज बुचडा माहा मीच बांधला. सुजाता मागं उभी होती फणी घेऊन, तिले म्हटलं, जा, शाळेत जा." आणि मग तू जोरजोरात रडायला लागलीस. सिस्टर बाहेर धावत आली, तिला वाटलं कुणी मेलं.

मलाही पुढच्या काही आठवड्यांत फरक पडला. कातडी होती तशीच राहिली, पण बोटं सुटली. एका दुपारी मी साहेबांचं लांबच लांब पत्र न थांबता टाइप करून काढलं आणि शेवटी घंटी वाजवून कॅरेज ढकललं, तेव्हा ते तुला सांगायला मंगळवारपर्यंत थांबावं लागणार याचंच मला वाईट वाटलं. घरी सांगण्यासारखं कुणी नव्हतं. मी भावाकडे राहायची. भाऊ सज्जन. पण माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर, माझी कपबशी वेगळ्या फळीवर.

ती कपबशी तू पाहिलीस. हात चालायला लागल्यावर एका मंगळवारी तुझी गाडी चुकली, म्हणून मी तुला महाल भागातल्या आमच्या घरी घेऊन आले. वहिनीनं चहा केला. ट्रेमध्ये दोन कप होते, एक माझा, फळीवरचा. दुसरा कान तुटलेला, कुठून काढला कुणास ठाऊक. तू दोन्ही कपांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"वहिनी," तू अगदी शाळेतल्या आवाजात म्हणालीस, "मले कान तुटका दिला त्याचं मी समजली. हिले वेगळा काहून? हे तर तुमच्याच घरची आहे."

वहिनी लाल झाली. काहीतरी पुटपुटून आत गेली. तू चहा प्यायलीस, कप विसळून पालथा ठेवलास, आणि बाहेर पडल्यावर कोपऱ्यापर्यंत भराभर चालत गेलीस. मग म्हणालीस, "पगार तुले आहे. हात तुले आले. मंग तू राहून राहिली कशाले तिथं?"

मी रामदासपेठेत एका बंगल्याच्या मागच्या अंगणातली खोली घेतली ती त्या प्रश्नामुळे. एकट्या बाईला खोली देताना मालकीणबाईंनी हजार गोष्टी विचारल्या. तू सोबत होतीस. "मी हिची मोठी बहीण," असं ठोकून दिलंस. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो विषय सोडला.

त्या खोलीतली एक गोष्ट मी कुणाजवळ बोललेली नाही. मला रोज अंगाला डांबराचं मलम लावावं लागायचं. काळं, रस्त्यावरच्या डांबरासारख्या वासाचं, कपड्यांना कायमचे डाग पाडणारं. तू आलीस तेव्हा डबी खिडकीत होती.

"पाठीले कोण लावते?"

"कोणी नाही. हात पोचतो तेवढं लावते."

तू दाराला कडी घातलीस. "पाठ कर इकडं."

मी नाही म्हटलं, लाज वाटते म्हटलं, तुझे हात खराब होतील म्हटलं. तू ऐकलं नाहीस. बोटांची टोकं तुझी अजून दुखत होती, म्हणून तू तळहातानं लावायचीस, पोळपाटावर पीठ पसरावं तसं, हळूहळू, खांद्यापासून कमरेपर्यंत. माझ्या पाठीला माणसाचा हात कितीतरी वर्षांनी लागत होता. ते झाल्यावर साबणानं कितीही धुतलं तरी तुझ्या हाताचा वास जाईना. पुढच्या खेपेला हसत सांगितलंस, "सुजाताचे बाबा म्हणत, रोडवर कामाले लागली का?"

त्यानंतर तू दर मंगळवारी दवाखान्यातून माझ्या खोलीवर यायचीस, मलम लावायचीस, आपण भाकरी आणि ठेचा खायचो, आणि मी तुला गाडीत बसवून द्यायची. आयुष्यात सुख म्हणून मी जे काही पाहिलं, ते एवढंच. आणि ते पुरेसं होतं, असं आज म्हणते. तेव्हा मला ते सुख आहे हेही ठाऊक नव्हतं.

आता तो दिवस.

हिवाळा सरत आला होता. तुझी बहीण काटोलला दिलेली, तिच्याकडची संत्री तू पिशवी भरून आणली होतीस. बाकावरच सोलायला बसलीस. एक फोड माझ्या हातात दिलीस. मी ती तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी आलं. गिळवेना, थुंकवेना.

"काय झालं?"

"काही नाही. आंबट आहे."

"हे आंबट? साखर आहे." तू माझ्याकडे टक लावून पाहिलंस. "जीभ काढ."

"काहीतरीच काय."

"जीभ काढ, मालू." चौथीच्या पोट्ट्यांना म्हणत असशील तसं म्हणालीस. मी काढली. गालांच्या आतून, जिभेखाली, सगळीकडे फोड होते. दोन-तीन आठवड्यांपासून. डॉक्टरांच्या प्रश्नाला मी दर वेळी नाही म्हणत होते. अंगाची खाजही वाढली होती, पण माझं अंग तसंही खाजायचंच, तेव्हा ते लपवायला कष्ट नव्हते.

"डॉक्टरले सांगतलं?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाही. ते बंद करतील."

"करतीन तर करतीन."

"फुला, मला बोटं परत मिळाली आहेत. मी वरच्या जागेची परीक्षा दिली आहे. थोडे फोड आहेत, जातील."

तू दुसरं संत्रं सोलायला घेतलंस. मला वाटलं, पटलं. माझं नाव पुकारलं गेलं, मी आत गेले, तिन्ही प्रश्नांना नाही म्हटलं, लघवी स्वच्छ निघाली, मी पडद्यामागे टेबलावर पालथी झाले. सिस्टरनं कुपी फोडली. तो आवाज मी ऐकला. आणि पडदा सरकला.

"थांबा बाई! देऊ नका. हिच्या तोंडात फोडं आहेत. हे खोटं बोलून राहिली."

सिस्टर ओरडली, हे काय, बाहेर व्हा. तू झाली नाहीस. डॉक्टर आले. त्यांनी माझ्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं, पोटावरचे नवे लाल ठिपके पाहिले. मग म्हणाले, "हे आता बंद. पुन्हा कधीच देता येणार नाही."

मी विचारलं, अजून घेतलं असतं तर काय झालं असतं?

"सांगता येत नाही," ते म्हणाले. खरं बोलणारे होते. "रक्तावर जाऊ शकतं. मग माणूस हाती लागत नाही. कदाचित काहीच झालं नसतं."

त्यांच्या त्या कदाचितवर मी पुढं कितीतरी रात्री काढल्या.

फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी आपण भांडलो. लोक बघत होते.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"तू मेली असती."

"तू डॉक्टर आहेस?"

"डॉक्टर नाही. पण मले दिसून राहिलं होतं ना."

"तुझे हात चालतात. तू जा, फळ्यावर लिही."

"हात गेले तरी माणूस राहते वं, मालू."

"कोण राहतं? तुला नवरा आहे, मुलगी आहे, गाव आहे. मला हे हात होते. दुसरं काही नव्हतं."

तुझा चेहरा असा झाला, जणू मी तुझ्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलं. संत्र्यांची पिशवी माझ्या पायाशी ठेवलीस आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागलीस.

सोन्याचा अंमल उतरायला काही महिने लागले. मग बोटं पुन्हा सुजली, उजव्या हाताची दोन वाकडी झाली ती झालीच. परीक्षेत मी पास झाले होते, पण वरची जागा टायपिंगची होती. मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, तिकिटं चिकटवायला. दवाखान्यात जायचा माझा वार मी बदलून घेतला. मंगळवारी दुपारी तू माझ्या दाराशी यायचीस, मला माहीत होतं. मालकीणबाई सांगायच्या, तुमची बहीण येऊन गेली. मी त्या वारी ऑफिसातच बसून राहायची. मला तुझा राग होता, फुला. तो खोटा राग नव्हता, आणि आज तू गेलीस म्हणून मी तो नव्हता असं म्हणणार नाही. तुझं म्हणणं बरोबर असण्याचा मला जास्त राग होता, आणि तू बरोबर होतीस हे कधी सिद्ध होणार नव्हतं, त्याचा त्याहून जास्त.

त्या काळात माझ्या पाठीला कुणी मलम लावलं नाही.

मग पावसाळ्यात सुट्टीच्या एका दिवशी दारावर थाप पडली. थाप नव्हतीच ती, धप्प असा आवाज, थांबून पुन्हा धप्प. उघडलं तर तू. कोपरानं दार वाजवत होतीस. दोन्ही हातांची बोटं सुजून गाजरासारखी झालेली, छत्री काखेत धरलेली.

"सोनं उतरलं," तू म्हणालीस. "डॉक्टर म्हणतात, काही काही लोकायले दोन-तीन वर्षांनी लागूच होत नाही. खडू धरता येत नाही वं. मोठ्या बाई म्हणतात, तोंडी शिकवा."

मी बाजूला झाले. तू आत आलीस. मी चहा केला आणि दोन्ही हातांनी कप धरून तुला पाजला, कारण तुला कान धरता येत नव्हता. त्या भांडणाबद्दल तू बोलली नाहीस, मीही बोलले नाही. आपण ते तसंच ओलांडून पलीकडे गेलो, आणि मला वाटत राहिलं की कधीतरी सवडीनं त्याच्याबद्दल बोलू.

त्यानंतरची वर्षं आपण दोन मोडक्या बायकांनी मिळून एक धड बाई चालवली. तुझ्या ब्लाऊजची बटणं मी माझ्या डाव्या हातानं लावायची. माझ्या पाठीला तू मनगटानं मलम लावायचीस. माझा वार मी पुन्हा मंगळवार करून घेतला. दवाखान्यात गोळ्या बदलत गेल्या, डॉक्टर बदलले, बाक तोच राहिला. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी मला आठवड्याचं नवं इंजेक्शन सुरू केलं. कॅन्सरवर देतात तेच, पण थोडंसं. तू घाबरलीस. "पुन्हा सुई? पुन्हा फोडं आली तर?" मी म्हटलं, आली तर तू आहेसच ओरडायला. त्या भांडणाच्या एवढ्या जवळ मी आणखी कधी गेले नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, काहीतरी बोलणार होतीस, आणि तेवढ्यात तुझं नाव पुकारलं गेलं.

त्या इंजेक्शननं माझी कातडी साफ व्हायला लागली आहे, फुला. तुझ्या शेवटच्या मंगळवारी खांदे मोकळे झाले होते, तू पाहिलेस. आता कंबरही मोकळी झाली. आरशाला पाठ करून, मान वळवून मी बघते. ही पाठ मला ओळखीची वाटत नाही. हिला कुणी हात लावलेला नाही.

रविवारी मी खाप्याला जाऊन आले. तू जिवंत असताना शंभरदा बोलावलंस आणि मी दर वेळी गाडीत बसवत नाही म्हणाले. गाडीत बसवतं. स्टँडवर उतरून विचारलं तर एका लहान मुलीनं बाईंचं घर म्हणून दारापर्यंत आणून सोडलं. सुजातानं सतरंजी टाकली. तथागतांच्या तसबिरीखाली तुझा फोटो, तरुणपणचा, हात मांडीवर सरळ ठेवलेले. तुझे शालिकराव खाणीतून नुकतेच निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, कमी बोलणारे. मी तुझ्याकडून ऐकलेल्या विनोदांतले ते, म्हणून मला ते हसरे वाटत होते. ते समोर बसले आणि बराच वेळ मनगटावरचं घड्याळ फिरवत राहिले.

मग म्हणाले, "बाई, तुमच्यावरून आमच्या घरी एकदा भांडण झालं होतं."

"माझ्यावरून?"

"ते सुईचं झालं ना, पडद्याचं. त्या दिवशी घरी आली, तर जेवली नाही. मी म्हटलं, तुले काय करायचं होतं? ज्याचा जीव त्याले समजते. तर माह्यावर धावली." ते थांबले. तुझा आवाज आठवत असावेत. "म्हणे, 'तुम्ही सगळे आहा माह्याजवळ, पण तुमचं काही दुखत नाही. मी रात्री ओरडली तर तुम्ही उठता, पाणी देता. समजत नाही तुम्हाले. तिले समजते. ते मरून गेली तर मी मंगळवारी कोणासंगं बसू?'"

सुजाता दारात उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

"मी म्हटलं," शालिकराव म्हणाले, "मंग तिले जाऊन असंच सांग. जीव वाचवला, जीव वाचवला काहून म्हणते? तर म्हणे, 'नाही सांगत. मालू म्हणन, स्वतःसाठी माहे हात तोडले. म्हणू दे जीव वाचवला म्हणून.' लय दिवस रडत होती. मंगळवारी नागपूरले जाये, तुमचं दार बंद, तशीच परत ये. मी म्हणो, नको जाऊ. तर जायेच."

मी चहा घेतला. सुजातानं घरातल्या कपांतलाच एक कप दिला. तुझी शाळा दुरून पाहिली. तू सांगायचीस त्या नदीवर गेले नाही, पाय दुखत होते. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडते आहे. भाजी चिरताना, तिकिटं चिकटवताना. तुला नवरा आहे, मुलगी आहे, गाव आहे, असं मी त्या टपरीपाशी म्हटलं तेव्हा तुझा चेहरा तसा का झाला, ते मला आत्ता कळतं आहे. भरल्या घरात तू माझ्याइतकीच एकटी होतीस. मी ते पाहिलं नाही, कारण एकटं म्हणजे रिकामी खोली, एवढंच मला ठाऊक होतं.

आणि तू तरी का बोलली नाहीस? तू म्हणालीस, 'तू मेली असती.' हे काय भांडणाचं उत्तर आहे? मरायला मी तयार होते गं, त्या हातांसाठी. माझ्या जिवाची भीती मला घालून काही उपयोग नव्हता. त्या बंद दाराशी उभं राहून एकदाच मालकीणबाईंनाही ऐकू जाईल असं ओरडून म्हणायचं होतंस, की मालू, मला तुझ्याशिवाय होत नाही. कुणीच मला तसं कधी म्हटलेलं नव्हतं. मी उजव्या हाताची दोन वाकडी बोटं घेऊन, सगळा राग तसाच घेऊन, पुढच्याच मंगळवारी येऊन बसले असते.